पाच जहाजं आणि कंडक्टरताई

सतरा वर्षं शहरबसमध्ये तिकिटं फाडल्यावर ताईंचा डावा गुडघा बोलायला लागला. आधी बसमध्ये चढताना कुरकुरायचा, मग उतरताना, आणि शेवटी बसल्या जागीसुद्धा. डॉक्टर म्हणाले, "उभ्यानं करायचं काम आता बंद." डेपोत बसून करायचं काम शिल्लक नव्हतं. तेवढ्यात कळलं की बंदरावरच्या एका छोट्या सहल कंपनीला फोन उचलायला बाई हवी आहे. ताई तिथं रुजू झाल्या. कंडक्टरची पिशवी सुटली, पण नाव सुटलं नाही. पहिल्याच दिवशी मालकांनी सगळ्यांना सांगितलं, "या आपल्या कंडक्टरताई," आणि ते नाव जे चिकटलं ते चिकटलंच.

कंपनी म्हणजे तरी काय? बंदराच्या फाटकासमोर एक खोली, दोन टेबलं, चार गाड्या आणि सहा गाइड. सकाळी प्रवासी जहाजं धक्क्याला लागायची आणि संध्याकाळी निघून जायची. मधल्या आठ-नऊ तासांत जहाजावरच्या पाहुण्यांना गाव दाखवायचं आणि वेळेत परत आणून सोडायचं. गावात पाहण्याजोगी ठिकाणं तीन. टेकडीवरचा जुना दीपस्तंभ, काच फुंकून भांडी घडवणारा कारखाना आणि जुन्या बाजाराची गल्ली. आधी दीपस्तंभ, मग कारखाना, मग बाजार. मालकांच्या वडिलांपासून हाच क्रम चालत आला होता आणि तो बदलता येतो हे कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

वडिलांच्या काळात दिवसाला एक जहाज यायचं. ताई आल्या तेव्हा एकाच दिवशी तीन-तीन, चार-चार यायला लागली होती, आणि तीही अशी अगडबंब की एकेकात अख्खी गल्ली वस्तीला जावी. गावातल्या सगळ्या सहल कंपन्या सकाळी साडेनऊला दीपस्तंभाच्या पायथ्याशी हजर. आत गोल जिना, एकशे ऐंशी पायऱ्या, एका वेळी चाळीसच माणसांना वर सोडायचे. बाकीची मंडळी उन्हात घाम पुसत उभी.

ताईंचं काम फोनचं, पण पाहुणे परतायची वेळ झाली की त्या फाटकाशी खुर्ची टाकून बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत, "कसं वाटलं गाव?" भाषेची अडचण आली की पोपटला हाक मारायची. पोपट म्हणजे त्यांच्याकडचा सगळ्यात जुना गाइड. चार भाषा घडाघडा बोलायचा आणि चारही भाषांत तेच ते बोलायचा, म्हणून पोपट.

एक दिवस गाडीतून पांढऱ्या केसांच्या एक आजी उतरल्या. ताईंनी विचारलं, पोपटनं भाषांतर केलं. आजी हसून काहीतरी म्हणाल्या, ताईंचा हात थोपटला आणि जहाजाकडे चालू लागल्या.

"काय म्हणाल्या?"

पोपट हसत होता. "म्हणाल्या, छान वाटलं. तुमच्या गावात आम्ही माणसांच्या पाठी पाहिल्या. नाना तऱ्हेच्या होत्या."

पोपटनं ती गोष्ट दिवसभर सगळ्यांना रंगवून सांगितली. ताईंना मात्र हसू आलं नाही. घरी जेवताना सासूबाईंनी बरोबर ओळखलं.

"काय गं, घास नुसता तोंडात फिरतोय तुझ्या."

"आई, कुणी आपल्या दारात यावं आणि आपण त्याला उन्हात उभं करून तसंच परत पाठवावं, हे बरं दिसतं का?"

"तू मालकीण आहेस का तिथली?"

"नाही."

"मग फोन उचल." सासूबाईंनी पाण्याचा घोट घेतला. "आणि उचलता उचलता जरा डोकं चालव. अक्कल गुडघ्यात असती तर म्हटलं असतं, तीही दुखत असेल."

ताईंचा नवरा शिंपी. घरातच पुढच्या खोलीत मशीन चालवायचा. आईच्या आणि बायकोच्या बोलण्यात पडायचं नाही, हा त्याचा नेम होता. त्या दिवशीही तो खाली मान घालून जेवत राहिला.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी ताई दीपस्तंभाखालच्या बाकावर जाऊन बसल्या. सोबतीला सासूबाई, मटारची पिशवी घेऊन. सासूबाई शेंगा सोलत आणि ताई डोकी मोजत. भरल्या बसमध्ये एका नजरेत माणसं मोजायची सतरा वर्षांची सवय, बोट न लावता त्या सांगत, "एकशे बारा." दर पंधरा मिनिटांनी आकडा कागदावर टिपायचा. असे अकरा दिवस बसल्या. सासूबाई म्हणाल्या, "एवढे मटार आता खायचे कुणी?"

पण त्या अकरा दिवसांत ताईंना जे दिसलं ते तीस वर्षांत कुणाला दिसलं नव्हतं. जहाजावरचं दुपारचं जेवण तिकिटातच आलेलं असतं, आणि आधीच पैसे भरलेलं जेवण सोडायला कुणाचं मन होत नाही. बारा वाजले की पाहुण्यांचे पाय आपोआप जहाजाकडे वळतात. बारा ते दोन दीपस्तंभाखाली चिटपाखरू नसतं. म्हाताऱ्या माणसांचं जहाज असेल तर मंडळी आठालाच उतरतात, लेकुरवाळ्यांचं असेल तर दहाशिवाय हलत नाहीत. ज्या जहाजाला धक्क्यावर जागा मिळत नाही ते बाहेर नांगर टाकतं आणि होड्यांनी माणसं सोडतं. ती एकदम न येता थोडी थोडी येतात. आणि काचेचे कारागीर सकाळी आठाला ताजेतवाने होऊन फुंकायला बसतात, तेव्हा त्यांच्याकडे बघायला एक माणूस नसतो.

ताईंनी नवा क्रम लिहून मालकांपुढे ठेवला. आधी कारखाना, मग बाजार, मग बागेत सावलीत डबा, आणि सव्वाबाराला दीपस्तंभ.

मालकांनी कागद उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. "अहो ताई, सरळ घास घ्यायचा सोडून डोक्यामागून हात कशाला फिरवायचा?"

"मालक, घास मोठा झालाय. पुढून तो तोंडापर्यंत पोचतच नाही."

मालक हसले, आणि हसता हसता एक गाडी देऊन बसले. गाडीबरोबर पोपट.

पोपटनं थयथयाट केला. "माझं सगळं बोलणं दीपस्तंभावरून सुरू होतं! 'पाहा, हे आमचं गाव.' आता गाव फिरवून झाल्यावर वर नेऊन सांगू, हे आमचं गाव?"

"सांग की. आता त्यांना ते ओळखूही येईल."

पोपट तोंड फुगवून गेला. दुपारी तीनला परत आला तेव्हा त्याचा चेहरा वेगळाच होता. खुर्ची ओढून ताईंसमोर बसला. "ताई, वर आमच्याशिवाय कुणी नव्हतं. माणसं कठड्याशी उभी राहून बोटं दाखवत होती, तो बघ कारखाना, ती बघ गल्ली, तिथं आपण टोपी घेतली. एक आजोबा तर खाली बैठक मारून बसले. दहा मिनिटं बसले. कुणी त्यांना 'उठा' म्हटलं नाही." थोडा थांबून म्हणाला, "आणि मी काही बोललोच नाही. गरजच पडली नाही."

हंगाम संपेपर्यंत चारही गाड्या ताईंच्या क्रमानं धावू लागल्या. ऑफिसच्या भिंतीवर मोठा फळा आला. त्यावर आडवी जहाजं, उभे तास, आणि चौकटीत ताईंचं गोल गोल अक्षर.

पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. रस्त्यापलीकडे गावातली सगळ्यात मोठी सहल कंपनी होती. तिचे गाइड लाल छत्री उंच धरून चालत, म्हणून तिथल्या मुख्य बाईंना सगळे छत्रीबाई म्हणत. आवाज खणखणीत, नजर घारीची. पुढच्या हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात सव्वाबाराला ताईंची गाडी टेकडीवर पोचली, तर पायथ्याशी लाल छत्र्यांचं शेतच उगवलेलं. पंधरा दिवसांत बाकीच्या दोन कंपन्याही आल्या. सकाळी साडेनऊची झुंबड सव्वाबाराला आली, एवढाच काय तो फरक. ऊन तर जास्तच.

मालक संतापले. "आता क्रम गुपचूप बदलायचा. फळ्यावर पडदा लावा!"

पडदा ताईंच्या नवऱ्यानंच शिवून दिला, चांगला जाड, निळा. ताईंनी क्रम बदलला. दोन आठवड्यांत लाल छत्र्या पुन्हा मागोमाग. छत्रीबाईंनी एक माणूस मोटारसायकलवर ताईंच्या गाड्यांमागे सोडला होता. पुन्हा बदल, पुन्हा पाठलाग. असं तीनदा झाल्यावर एका सकाळी ताईंनी फळ्याची नक्कल एका मोठ्या कागदावर उतरवली, गुंडाळी केली आणि लंगडत लंगडत रस्ता ओलांडून छत्रीबाईंच्या टेबलासमोर जाऊन बसल्या.

"काय आणलंत?" छत्रीबाईंनी संशयानं विचारलं.

"तुमचा माणूस रोज आमच्या गाडीमागं धावतो. म्हटलं, आपणच आणून द्यावं. त्याचं पेट्रोल तरी वाचेल."

छत्रीबाईंचे कान लाल झाले. त्यांनी कागद उलगडला, बराच वेळ वाचला. "तुमच्या मालकांना ठाऊक आहे हे?"

"अजून नाही."

"मग यात तुमचा काय फायदा?"

"दीपस्तंभ एक, जिना एक. तुम्ही बारा ते एक घ्या, आम्ही एक ते दोन घेतो. हवं तर आलटून पालटून. एकाच वेळी गेलो तर दोघींचे पाहुणे एकमेकांच्या पाठी बघून जाणार."

"आणि बाकीच्या दोघांचं काय?"

"त्यांच्याकडे उद्या जाईन. गुडघा एका दिवसात एवढंच चालू देतो."

छत्रीबाई हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. पण कागद ठेवून घेतला.

संध्याकाळपर्यंत ही बातमी मालकांपर्यंत पोचली. ते ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं. "ताई, मी तुम्हाला घरातलं माणूस समजत होतो. घरचाच भेदी निघाला. उद्यापासून येऊ नका."

ताईंनी चष्मा पिशवीत टाकला, टेबलाच्या खणातली आपली पेन्सिल घेतली आणि घरी आल्या. सासूबाईंना सगळं सांगितलं. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "बरं केलंस ते बरंच केलंस. आता दोन दिवस पाय वर करून बस."

ताई दोन दिवस बसल्याही. तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला दार वाजलं. दारात मालक. शर्टाची बटणं चुकीच्या काजात.

"ताई, आज चार जहाजं ठरलेली होती. पाचवं येतंय. वरच्या बंदरात वादळ आहे, म्हणून इकडं वळवलंय. साडेअकरा हजार माणसं! बंदर अधिकारी विचारतायत, कोण कुठं जाणार. मी काय सांगू?"

ताई काही बोलायच्या आत मागून सासूबाई आल्या. "काय हो, हिला परवाच काढलंत ना?"

मालकांनी खाली बघितलं. "चुकलं, आजी."

"मग बसा. चहा घ्या. ती पायात चपला घालते तोवर."

साडेसहाला ऑफिसात पोचल्यावर ताईंनी पहिलं काम केलं ते पडदा काढून खुर्चीवर टाकायचं. दुसरं, छत्रीबाईंना फोन. दहा मिनिटांत त्या आल्या, हातात ताईंनी दिलेला तोच कागद, त्यावर लाल पेनानं केलेल्या खुणा. पाठोपाठ उरलेल्या दोन कंपन्यांची माणसं. इतक्या वर्षांत या चार कंपन्यांची माणसं एका खोलीत कधी बसली नव्हती. बसायला खुर्च्याही नव्हत्या.

ताई खडू घेऊन उभ्या राहिल्या. "हे म्हाताऱ्यांचं जहाज. यांना आठाला कारखाना. हे लेकुरवाळ्यांचं, यांना बागेत सोडा, पोरं मोकळी धावू देत, दीपस्तंभ दोन वाजता. तिसऱ्याला आधी बाजार. चौथं छत्रीबाईंचं, ते संध्याकाळी सातपर्यंत आहे, त्यांना घाई नाही, त्यांना पावणेचार. पाचव्याला धक्क्यावर जागा नाही, ते होड्यांनी येणार. माणसं सावकाश जमतील. त्यांना तीनला दीपस्तंभ."

आणि जमलं. सकाळभर गावात साडेअकरा हजार माणसं हिंडत होती आणि जुन्या बाजाराच्या गल्लीत दोन माणसं छत्री उघडून शेजारी शेजारी चालू शकत होती. कारखान्याचा म्हातारा कारागीर निरोप पाठवून विचारत होता, "आज जहाजं कमी आहेत का?"

अडीचला बंदर अधिकाऱ्यांचा फोन आला. वरच्या बंदरातलं वादळ खाली सरकत होतं. वारा वाढला होता. बाहेर नांगरलेल्या जहाजाची शेवटची होडी साडेपाचऐवजी पावणेचारला सुटणार, त्यानंतर एकही नाही.

ताईंनी फळ्याकडे पाहिलं. पाचव्या जहाजाची एकशे साठ माणसं नेमकी आत्ता टेकडी चढत होती. त्यांना सोडून गेलेल्या गाड्या गावाच्या दुसऱ्या टोकाला, बाजारापाशी. जे वादळ ते जहाज घेऊन आलं, ते मागोमाग येणारच. हे सकाळी सुचायला हवं होतं आणि सुचलं नव्हतं.

खोलीत सगळे होते. ताई मोठ्यानं म्हणाल्या, "चूक माझी आहे. वारा मी मोजलाच नाही." मग छत्रीबाईंकडे वळल्या. "तुमच्या गाड्या आत्ता कुठं आहेत?"

"टेकडीवर. माझे पाहुणे लवकर आणलेत, आत्ताच उतरतायत."

"तुमचं जहाज धक्क्यावर आहे, ते कुठं जात नाही. तुमचे पाहुणे तिथं थांबवा आणि गाड्या मला द्या."

वारा असाच वाढला तर दीपस्तंभ बंद करणार, हे छत्रीबाईंनाही कळत होतं. म्हणजे त्यांच्या पाहुण्यांची पाळी गेली. मग त्यांनी फोन उचलला आणि त्या खणखणीत आवाजात चालकाला सांगितलं, "गाडी रिकामी ठेव. दुसऱ्यांचे पाहुणे येतील, त्यांना घेऊन धक्क्यावर ये. विचारू नकोस, ये!"

ताई गुडघ्याला विसरून धक्क्यावर जाऊन उभ्या राहिल्या. पाणी उसळत होतं, होड्या धक्क्याला आपटत होत्या. गाड्यांनी खेपांवर खेपा केल्या, माणसं भराभरा उतरून होड्यांत बसली. जहाजाच्या माणसानं यादी पाहून सांगितलं, सगळे आले.

"नाही," ताई म्हणाल्या. "एकशे सत्तावन्न आहेत. तीन कमी आहेत."

"यादीवर सगळ्यांपुढं खूण आहे, बाई."

"यादीवर असेल. होडीत नाहीत."

ताईंनी पोपटला फोन लावला. पोपट पायथ्याशीच होता, तो जिन्याकडे धावला. एकशे ऐंशी पायऱ्या चढून गेला तेव्हा वर तिघी बहिणी कठड्याआड बसून समुद्राचे फोटो काढत होत्या. वाऱ्यात त्यांना खालच्या हाका ऐकूच गेल्या नव्हत्या. पोपटनं त्यांना हातवारे करून उठवलं आणि पायथ्याशी राहिलेल्या एका गाडीतून धक्क्यावर आणलं. चारही भाषांतला एकही शब्द त्याला त्या वेळी आठवला नाही, असं नंतर त्यानंच सांगितलं. शेवटची होडी सात मिनिटं थांबली. तिघी बसल्या, होडी सुटली.

दीपस्तंभ खरोखरच बंद झाला आणि छत्रीबाईंच्या चाळीस पाहुण्यांना तो त्या दिवशी मिळाला नाही. ताई संध्याकाळी त्यांच्या जहाजाच्या शिडीपाशी गेल्या आणि पोपटला सोबत घेऊन एकेकाची माफी मागितली. "तुमच्या बाईंचा दोष नाही, माझा आहे," असं चाळीस वेळा सांगितलं. दोघे-तिघे कुरकुरले. एका गृहस्थांनी विचारलं, "होडीवाल्या तिघी पोचल्या का?" पोचल्या म्हटल्यावर त्यांनी टोपी काढली.

दुसऱ्या दिवशी छत्रीबाई येऊन म्हणाल्या, "माझ्या पाहुण्यांची माफी मागायची तर मला विचारून मागायची." आणि मग ताईंच्या टेबलावर चहा पिऊन गेल्या.

फळा आता बंदराच्या प्रतीक्षागृहात, सगळ्यांना दिसेल असा लावलाय. त्यावर वाऱ्यासाठी वेगळी ओळ आहे. दर सोमवारी चारही कंपन्या जमतात, भांडतात, आणि ताई खडूनं निकाल लावतात. मालक पाहुण्यांना सांगतात, "ही कल्पना आमच्या ऑफिसातली बरं का," आणि ताई ते कधी खोडत नाहीत.

दोन वर्षांनी बंदर अधिकारी पुढच्या हंगामाच्या तारखा ठरवण्याआधी ताईंकडे आले. कोणता दिवस जड, कोणता हलका, असं विचारायला. ताईंनी सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, "साहेब, पंधरवड्यातून एक दिवस कोरा ठेवा. एकही जहाज नको."

"कशासाठी?"

"आमच्या गल्लीतला पाववाला चाळीस वर्षं या गावात राहतो. हंगामात त्याला स्वतःच्या बाजारात पिशवी घेऊन शिरता येत नाही. दीपस्तंभावर तो लहानपणी गेला होता, तेवढाच."

अधिकारी म्हणाले, कठीण आहे, वर विचारावं लागेल. विचारलं. पंधरवड्यातून एक मिळाला नाही, महिन्यातून एक मिळाला. पहिल्या कोऱ्या दिवशी टेकडीवर सगळी गावचीच माणसं होती. पाववाला बायको-मुलांना घेऊन वर गेला, कारखान्यातले कारागीर गेले, शाळेतल्या बाई गेल्या. ताई दुपारपर्यंत बाजारात सासूबाईंबरोबर रमतगमत फिरल्या, त्यांच्यासाठी मऊ चपला घेतल्या, दर कमी करण्यावरून दुकानदाराशी मनसोक्त वाद घातला. मग सासूबाईंना घरी सोडून ऑफिसात आल्या. दुसऱ्या दिवशी तीन जहाजं होती.